राखण बंद झाली ते साल

आमच्या घरात भाताचा पक्ष आणि भाकरीचा पक्ष असे दोन पक्ष होते. भाताच्या पक्षात बाबा एकटे. आई नगरकडची, तीन पिढ्यांची ख्रिस्ती. रत्नागिरीत येऊन तिला कितीतरी वर्षं झाली होती, पण भात हे जेवण आहे हे तिने शेवटपर्यंत मान्य केलं नाही. बाजारात बाजरी मिळेना तेव्हा ती माहेरून कुणी येणार असलं की पीठ मागवायची आणि कोंदट हवेत ते कडू झालं की कोकणाला शिव्या घालायची. बाबा लांज्याच्या आतल्या एका वाडीतले, कुणब्याचे. बांगड्याचं तिखलं आणि उकड्या तांदळाचा भात मिळाला की त्यांना दुसरं काही नको असायचं. दोघांचंही जेवण आई एकाच चुलीवर करायची आणि दोघांचीही बाजू मी ऐकायची. देवळामागच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. 'देऊळ' हा आमचा शब्द. बाहेरचे लोक चर्च म्हणत.

बाबा तिथे उपदेशक होते. उपदेशक म्हणजे काय हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं. उपदेशकाने प्रवचन करावं, आजाऱ्याकडे जावं, मुलांना शास्त्र शिकवावं. पण बाप्तिस्मा द्यायचा तर दीक्षा झालेला पाळकच लागे. आमचे पाळक कोल्हापुरात राहत आणि महिन्या-दोन महिन्यांनी घाट उतरून येत. ते यायचे त्या रविवारी आई मटण करायची आणि एकाच पेल्यातून सगळ्यांनी प्यायचा तो प्रभुभोजनाचा विधी व्हायचा. एरवी सगळं बाबांवर. मंडळी लहानशी होती आणि तीही बहुतेक घाटावरून बदलीने, नोकरीने आलेली. स्थानिक असे बाबाच. तरुणपणी छातीच्या दुखण्याने मिशनच्या इस्पितळात महिनोन्महिने पडून होते, तिथे त्यांनी विश्वास धरला. धोंडूचे दानिएल झाले. गावाने त्यांना त्याच आठवड्यात टाकलं.

रविवारी दुपारी ते आम्हा मुलांना शिकवत. भिंतीवर कापडाचा एक नकाशा होता. त्यात मधोमध निळा समुद्र आणि त्यावर पौलाच्या प्रवासांच्या तांबड्या, हिरव्या रेघा. ख्रिस्ताचे पहिले शिष्य सगळे यहूदी, त्यांचं मंदिर यरुशलेमात, त्यांचं खाणंपिणं, सणवार सगळं यहूदी. मग ही गोष्ट यरुशलेमातून बाहेर पडून अंत्युखियाला, कुप्र बेटावर, इफिसला, करिंथला, शेवटी रोमला कशी गेली, हा बाबांचा आयुष्याचा विषय होता. दुसरं काही शिकवायचा त्यांना कंटाळा यायचा. ते सांगायचे, "यरुशलेम म्हणजे तुमचं नगर. जुनी मंडळी, मोठं देऊळ, सगळं रीतीप्रमाणे. आणि अंत्युखिया म्हणजे आपली रत्नागिरी. बंदर, बाजार, सतरा जातींचे लोक." करिंथ म्हणजे मिरकरवाडा, आमच्याकडचं मासळीचं बंदर, हे सांगताना ते नाकाला रुमाल लावून दाखवायचे आणि आम्ही हसायचो. यहूदी विश्वासणारे म्हणाले, परराष्ट्रीयांनी आधी सुंता करून यहूदी व्हावं, मगच ख्रिस्ती. आणि पौल म्हणाला, नाही, जसे आहेत तसे येऊ देत. इथे बाबांचा आवाज चढायचा. मी एकदा सगळ्यांदेखत विचारलं की सुंता म्हणजे काय. बाबांनी नकाशावरची धूळ पुसली आणि घरी गेल्यावर आईने माझा कान पिळला.

आता या वयात मला वाटतं, बाबा तो धडा आम्हाला शिकवत नव्हते. घाटावरच्या मंडळीत आपण एकटे परराष्ट्रीय, हे त्यांच्या मनाला सारखं टोचत असलं पाहिजे. मंडळीतले जुने शेळकेमामा आईला कौतुकाने म्हणायचे, "तुझा दानिएल प्रवचन छान करतो हो, नवा असून." नवा म्हणजे किती नवा? मी तेव्हा आठवीत होते.

त्या उन्हाळ्यात गंगारामकाका आले. बाबांचे थोरले भाऊ. मी त्यांना तोवर पाहिलेलंच नव्हतं. मुंबईत गिरणीत होते, गिरणी बंद पडली, खोकला घेऊन गावी आले आणि एक दिवस आमच्या दारात फणस घेऊन उभे राहिले. बाबांना पाहून ते एवढंच म्हणाले, "काय रं धोंड्या." बाबा फणस हातात घेऊन तसेच उभे राहिले, तो खाली ठेवायचंही त्यांना सुचेना. आईनेच काकांना आत बोलावलं, बाजरीची भाकरी वाढली, आणि काकांनी ती मुकाट्याने खाल्ली. ते गेल्यावर आई म्हणाली, माणूस सभ्य आहे. मला गंमत वाटली ती बाबांची. देवळात इतकं शुद्ध बोलणारे बाबा काकांपुढे बसले की 'व्हय' आणि 'न्हाय' करायला लागायचे.

मग ते येतच राहिले. लांज्याहून सकाळची एसटी धरायची, आमच्याकडे जेवायचं, दुपारच्या गाडीने परत. कधी कुळीथ, कधी कोकमं, कधी नुसते हात हलवत. रविवारी आले तर देवळात मागच्या बाकावर बसायचे, चपला हातात धरून, कारण बाहेर काढून ठेवायची रीत आमच्यात नाही आणि आत घालून बसणं त्यांना जमेना. पाळक आले होते त्या रविवारी त्यांनी तो पेल्याचा विधी पाहिला. दीक्षा झालेले पाळक, शेळकेमामा, इस्पितळात लादी पुसणारी मार्था आणि आमचे बाबा, सगळे एका पेल्यातून प्याले. परत जाताना काका स्टँडवर गाडीची वाट बघत उभे होते. मग बाबांना म्हणाले, "धोंड्या, तुजा देव माला घेल काय?"

"घेल की."

"हाय तसा?"

"हाय तसा, दादा," बाबा म्हणाले.

काकांना ख्रिस्त हवा होता की धोंड्या हवा होता, हे मला अजून कळलेलं नाही. गावाने बाबांना टाकलं तेव्हा काका भावकीत बसलेले होते आणि तोंडातून शब्द काढला नव्हता, हे काकीने मला पुढे सांगितलं. दोन्हीपैकी कशासाठीही आला तरी माणूस आला होता. बाबा त्या दिवसांत घरात गाणी म्हणत हिंडायचे. मी त्यांना इतकं आनंदात आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

अडचण होती राखणीची. बाबांच्या वाडीत दरसाल भाताची लावणी उरकली की शिवेवरच्या राखणदाराला, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाला, कोंबडा द्यायचा. तिथेच तो शिजवायचा आणि भावकीतल्या पुरुषांनी तिथेच जेवायचं. कोंबडा देण्याचा मान आमच्या घराकडे, म्हणजे थोरल्याकडे, म्हणजे काकांकडे. राखण चुकली तर वर्षभरात वाडीत कुणाला साप चावला, कुणाचं ढोर वाघाने नेलं, तरी त्याचं खापर त्या घरावर. काका बाबांना म्हणाले, बाप्तिस्मा घेतो, रविवारी येतो, पण राखण बंद करता येणार नाही. ती माझी एकट्याची नाही, वाडीची आहे. बाबांना ते पटलं. त्यांनी मंडळीच्या पंचांपुढे विषय काढला.

ती सभा मला पाठ आहे, कारण चहा मी दिला. उपासना झाल्यावर पंच पुढच्या बाकांवर बसले. बाबा नकाशाजवळ उभे राहिले आणि मुलांचा तास चालू असल्यासारखं बोलू लागले. पेत्र परराष्ट्रीयांच्या घरी जेवला होता, पुढे यरुशलेमाची माणसं आल्यावर घाबरून पंगतीतून उठला, आणि पौलाने त्याला तोंडावर खडसावलं. यरुशलेमाच्या सभेत ठरलं की परराष्ट्रीयांवर नियमशास्त्राचं ओझं घालायचं नाही. ते ठरलं नसतं तर ही गोष्ट यरुशलेमाच्या चार गल्ल्यांत मेली असती. नगरला आली नसती आणि रत्नागिरीला तर नाहीच. शेवटी म्हणाले, "माझा भाऊ दारात उभा आहे. त्याला आधी नगरचा करू नका." मला ते इतकं आवडलं की मी ट्रे घेऊन तिथेच थांबले.

शेळकेमामा वयाने सगळ्यांत मोठे, आईच्या लांबच्या नात्यातले. ते अजिबात चिडले नाहीत. बाबांना म्हणाले, "मास्तर, त्याच सभेच्या निर्णयाचा शेवट वाचा ना."

बाबांना तो पाठ होता. तरी त्यांनी पुस्तक उघडलं आणि वाचलं. परराष्ट्रीयांवर जास्त ओझं घालायचं नाही, फक्त मोजक्या गोष्टी त्यांनी टाळाव्यात. आणि त्यांत पहिलीच, मूर्तीला वाहिलेलं अन्न. मग रक्त. मग गळा दाबून मारलेलं. वाचताना त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"आता तुमच्या भावाच्या कोंबड्यात यातलं काय नाही ते सांगा," शेळकेमामा म्हणाले.

बाबांनी पुस्तक मिटलं. मूर्ती ही मुळात काहीच नाही आणि अन्नाने माणूस देवाच्या जवळही जात नाही आणि लांबही जात नाही, असं पौलानेच पुढे करिंथकरांना समजावलेलं आहे, हे त्यांना सुचलं ते घरी, आईने ताट वाढल्यावर. सभेत सुचलं असतं तरी उपयोग झाला असता असं मला वाटत नाही. कारण शेळकेमामा पुढे जे म्हणाले त्याला शास्त्राचं उत्तर नव्हतं. त्यांच्या आजोबांनी विश्वास धरला तेव्हा गाव, वतन, आईबाप सगळं सुटलं. अंगावरच्या कपड्यानिशी ते मिशनच्या आवारात आले आणि त्यांना कुणी सवलत दिली नाही. "आम्ही सगळं टाकून आलो, मास्तर. तुमच्या भावाला काहीच टाकायला नको असेल, तर आमच्या आजोबांनी काय मूर्खपणा केला?" म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. ठराव असा झाला की राखण बंद करावी, मग पाळक पुढच्या खेपेला पाणी देतील, म्हणजे बाप्तिस्मा.

बाबा लांज्याला गेले. काकांना काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. इतकंच कळलं की काका ऐकून घेऊन म्हणाले, "तू बोललावतास हाय तसा." आणि मग, "बरं. न्हाय देत." लावणी झाली, भावकी शिवेवर जमली, काका गेले नाहीत.

पावसाचं साल होतं. घाटात दरड आली आणि पाळकांची खेप चुकली. पुढल्या खेपेला ते आजारी. मग निरोप आला की आता नाताळातच येतो, तेव्हाच सगळं सावकाशीने करू. बाबा म्हणायचे, नाताळ काय, आलाच. वाडीत मात्र कुणी नाताळापर्यंत थांबलं नाही. काकांच्या खळ्यात माणूस फिरकेना. विहिरीवर काकी गेली की बाकीच्या बाया कळशा उचलून निघून जायच्या, म्हणून ती व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी आणू लागली. गणपतीत आरतीला कुणी आलं नाही. अर्थात काकांनी त्या वर्षी गणपतीच आणला नव्हता. मुलगा सुरेश लोट्याला रासायनिक कारखान्यात पाळीवर, तो येऊन बापाशी भांडून गेला. बांधावर कुणाची तरी म्हैस वीज पडून मेली, आणि ती काकांच्या नावावर लागली.

भात कापायला आलं तेव्हा कापायला माणूस नव्हता. आम्ही तिघं गेलो. बाबांचा हात विळ्यावरून सुटून कैक वर्षं झालेली, आईला भातातलं काही कळत नव्हतं, आणि मी दर घटकेला पाय धुवायला पळत होते. काका पडवीत घोंगडीवर पडून होते. खोकला आता छातीतून नाही, पायांतून आल्यासारखा यायचा. संध्याकाळी त्यांनी बाबांना जवळ बोलावलं. काकी चुलीपाशी होती, मी दाराशी तांदूळ निवडत होते. काका म्हणाले, "धोंड्या, पानी तूच घाल. येळ न्हाय उरला."

बाबा म्हणाले, "दादा, मला अधिकार न्हाय. पाळक येतील. नाताळ आलाच हाय."

काकांनी वाद घातला नाही. नियम असतो हे गिरणीतल्या माणसाला माहीत असतं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी आज सांगते, मला बाबांचा तेव्हा इतका राग आला की हातातलं सूप त्यांच्या डोक्यात घालावंसं वाटलं. कोपऱ्यात पाण्याची कळशी भरलेली होती. नियम मोडला असता तर फार तर उपदेशकपण गेलं असतं. पण ज्याला उभा जन्म 'नवा' म्हणून हिणवलं, तो नियम सर्वांत घट्ट धरतो. बाबांना यरुशलेमाने असंच घडवलं होतं आणि ते स्वतःला अंत्युखियाचे समजत होते.

काका दोन दिवसांनी गेले. सकाळी, काकी पेज देत असताना.

बाबा आधी भावकीकडे गेले. भावकीने सांगितलं, तो आमचा राहिला नाही, आमच्या मसणात जळायचा नाही. मग बाबा रत्नागिरीला शेळकेमामांकडे गेले. मामा ओट्यावर बसून रडले, पण म्हणाले की दफनभूमी बाप्तिस्मा झालेल्यांची आहे. आज एकाला घेतलं तर उद्या काय उत्तर द्यायचं? बाबा दुपारच्या गाडीने परत आले. येताना त्यांनी कुणाशी भांडण केलं नाही की कुणाला पाय धरून विनवलं नाही. प्रेत पडवीत होतं आणि सुरेशची पाळी संपून तो अजून यायचा होता.

तेवढ्यात बौद्धवाडीतले सखाराम जाधव आपल्या दोन मुलग्यांना घेऊन आले. खांद्यावर पहारी आणि फावडी. गावात त्यांचं आणि काकांचं कधी बसणंउठणं नव्हतं. बाबांनी विचारलं, तुम्ही कसे आलात? ते म्हणाले, "धर्म बदालल्यावर पयलं मडं उचलाया कुनी नसतं. आमी बगितलंय." त्यांनीच जागा निवडली, काकांच्याच वरकसाच्या, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीच्या, कडेला. कोकणातली जमीन, वीतभर मातीखाली जांभा लागला. पहार आपटायची आणि तांबडा चुरा तेवढा उडायचा. सगळे आळीपाळीने खणत होते, बाबांच्या तळहातांची सालं निघाली. खड्डा जेमतेम कमरेइतका झाला तेव्हा उजेड जायला आला आणि जाधव म्हणाले की आता वरून दगड रचू.

प्रार्थना बाबांनी करायची होती. त्यांनी तोंड उघडलं आणि शब्द फुटेना. शेवटी आईने गाणं सुरू केलं, नगरकडचं, खड्या आवाजात, एकटीने. जी आई राखणीचं नाव काढलं तरी तोंड फिरवायची, ती परत येताना वाटेत बाबांना म्हणाली, "पाणी घातलं नाही म्हणून देव ओळखायचा नाही का त्यांना?" हे तिने सभेच्या दिवशी म्हणायला हवं होतं. तेव्हा ती शेळकेमामांच्या बाजूच्या बाकावर बसून होती.

नाताळात पाळक आले. त्यांनी हळहळ व्यक्त केली, बाबांच्या धीराचं प्रवचनात कौतुक केलं. आम्ही करंज्या वाटल्या.

पुढच्या पावसानंतर काकी आली. एकटी, नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन. आई हरखली. तिने पाट मांडला, ताट वाढलं, भात वाढला, भाकरी नाही. काकी ताटाकडे बघत उभीच राहिली. म्हणाली, नको. सुरेशने यंदा राखण दिली, भावकीने घरात घेतलं, विहीर मोकळी झाली. पण ठरलंय असं की तुमच्या घरचं खायचं नाही. गाठोडं द्यायला म्हणून येऊ दिलं, एवढंच. "भावजी, माजं तुमच्या देवाशी वाकडं न्हाय," ती म्हणाली. "पन म्या येकटी बाय काय करू? तुमी आता वाडीत नका येव." आईने निदान पाणी तरी घे म्हणून तांब्या पुढे केला. काकीने तोही घेतला नाही. उन्हातून आली होती, ओठ सुकले होते.

बाबा उंबऱ्यात बसले होते. त्यांनी विचारलं की दादाच्या जागेवरचे दगड पावसात ढासळले नाहीत ना.

काकी म्हणाली, दगड काढले. भावकीची तीच पहिली अट होती. सुरेशने आणि चुलत्यांनी हाडं वर काढली, मसणात नेली, भटाला बोलावून सगळं रीतसर केलं. तेरावं घातलं, वाडी जेवली.

आईने तांब्या खाली ठेवला. मी बाबांकडे बघत होते. ते आता रडतील किंवा ओरडतील, आणि दोन्हीपैकी काहीही केलं तर मला बरं वाटणार होतं. बाबांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "कुनीतरी घेतला त्याला."

मग ते उठले, काकीच्या गाठोड्याचं रिकामं फडकं हातात घेतलं आणि तिला गाडीवर बसवायला स्टँडकडे निघाले.